उनाइसीचं कपाट

नाकोरोवाईच्या इस्पितळात उनाइसीचं काही हरवलं तर ते साकिउसाच्या वॉर्डात सापडायचं, आणि साकिउसाचं हरवलं तर उनाइसीच्या खोलीत. यात भांडण नव्हतं. दोघं एकमेकांचे तौवू होते. तिचं गाव डोंगरावरचं, त्याचं किनाऱ्यावरचं, मध्ये दिवसभराची वाट. पण दोन्ही गावांचा मूळ देव एकच, कधीकाळी एकाच होडीतून उतरलेला. अशा दोन गावांच्या लोकांनी एकमेकांना काहीही बोलावं, एकमेकांचं काहीही उचलून न्यावं, आणि ज्याचं गेलं त्यानं हसावं. रागवायचं मात्र नाही. तौवूवर रागावलेला माणूस आपल्या अख्ख्या गावाची मान खाली घालतो, त्याची बाजू कितीही खरी असो.

उनाइसी इस्पितळाच्या हत्यारांच्या खोलीची प्रमुख होती. ऑपरेशनची हत्यारं मळून आत यायची, धुऊन, तपासून, कापडात बांधून, वाफेच्या मशीनमधून निघून पुन्हा बाहेर जायची. रुंद बांध्याची, भरभर बोलणारी, हातांना क्षणाची उसंत न देणारी बाई. साकिउसा पुरुषांच्या वॉर्डाचा मुख्य नर्स, दारातून वाकून आत येणारा धिप्पाड माणूस. तो हसला की समोरच्या इमारतीतले पेशंट जागे व्हायचे.

"काय तौवू," तो खिडकीतून विचारायचा, "डोंगरावरची माणसं अजून केस दातांनीच कुरतडतात ना गं? मग एवढ्या कात्र्या कशाला गोळा करून ठेवल्यास?"

"आमच्याकडे कात्र्या आहेत रे. किनाऱ्याचे पाहुणे येऊन गेले की त्या शोधाव्या लागतात, एवढंच."

तोवर त्याच्या खिशात एक कात्री गेलेलीच असायची. तिच्या जागी तो कसावाचा कंद ठेवायचा, तोही हिरव्या कापडात व्यवस्थित गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून. उनाइसी तो कंद घरी नेऊन उकडायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वॉर्डातली आरामखुर्ची उचलून आणायची. एकदा तर तिनं त्याचा धुऊन वाळत घातलेला, कमरेला गुंडाळायचा सुलू पळवला आणि खिडकीला पडदा म्हणून लावला. पंधरवडाभर तो पडदा बघायला लोक येत होते.

हे सगळं गोड होतं, आणि त्यामुळेच त्याच्यावर उपाय नव्हता. वॉर्डात कुणाच्या बोटात गळ रुतला की इथला बारीक चिमटा जायचा. प्लास्टर कापायचं झालं की चांगली कात्री जायची आणि बोथट होऊन यायची, किंवा यायचीच नाही. बायकांच्या वॉर्डानं पाहिलं, बाळंतपणाच्या खोलीनं पाहिलं, स्वयंपाकघरानंसुद्धा पाहिलं. तौवू नेतो तर मामेबहीण का नेणार नाही? आणि मामेबहिणीला कुणी नाही म्हणतं का? ऑपरेशनला चिमटा कमी पडला की उनाइसी दुसऱ्या ट्रेमधला काढून द्यायची, मग त्या ट्रेसाठी तिसऱ्यातला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तरी तीही हसत होती. चार लोक हसतात तिथं एकटीनं तोंड वाकडं करायचं नाही, हे ती आईच्या मांडीवरच शिकली होती.

मग तिचा नवरा आपोरोसा नारळाच्या झाडावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. इस्पितळात हाडात घालायच्या सळया होत्या, कुठल्याशा परदेशी डॉक्टरांनी देणगी म्हणून दिलेल्या. पण त्या बसवायची मूठ जागेवर नव्हती. कुणी नेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आपोरोसाचा पाय वजनं टांगून ताणून ठेवला. तो आठवडेच्या आठवडे छताकडे बघत पडून राहिला, आणि उठला तेव्हा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता. त्यानं तक्रार केली नाही. म्हणाला, डोंगर उतरताना त्रास होतो, चढताना उलट बरं पडतं. उनाइसी मात्र पहिल्यांदाच हसली नाही. मूठ कुणी नेली हे शोधण्यात अर्थ नव्हता. ती सगळ्यांनी मिळून नेली होती, आणि त्या सगळ्यांत तिनं स्वतःलाही धरलं.

नंतर डॉक्टर प्रवीणा आल्या. इथल्याच, उसाच्या पट्ट्यातल्या. शिकून, परदेशात हात बसवून परत आलेल्या. त्यांनी वर्षभर पत्रं लिहून, फोन करून, कुणाकुणाच्या दारात उभं राहून खुब्याच्या ऑपरेशनचा एक सेट मिळवला. तोवर या बेटावरच्या म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की त्याला बोटीच्या डेकवर आडवं करून राजधानीत, सुवाला न्यायचे. काही परत चालत आले. बरेचसे परत आले तेव्हा त्यांना खांद्यावरून उतरवावं लागलं.

सेटचा पेटारा उघडला तेव्हा दोघी बायका त्याच्यापुढे बसून राहिल्या. पट्ट्या, लांबीवार लावलेले स्क्रू, ड्रिल, मोजपट्टी, आणि एक सहाकोनी टोकाचा स्क्रूड्रायव्हर.

"हा एकच?" उनाइसीनं विचारलं.

"दुसरा मागवलाय. जहाजाने येईल, तेव्हा येईल." डॉक्टर प्रवीणांनी तो हातात घेतला. "उनाइसी, हे नीट ऐक. वरचे लोक म्हणतायत की लहान इस्पितळाला असला सेट सांभाळता येत नाही. एक तुकडा हरवला म्हणून मी एक जरी पेशंट सुवाला पाठवला, तर पाठोपाठ हा पेटाराही घेऊन जातील."

"नेऊन तर बघू देत," उनाइसी म्हणाली.

तिनं ट्रेच्या तळाशी प्रत्येक हत्याराची बाहेरची रेघ रंगवून काढली, म्हणजे रिकामी जागा आंधळ्यालाही दिसावी. ऑपरेशनमध्ये जो स्क्रू वापरला जाईल, त्याच लांबीचा दुसरा मागच्या डब्यातून काढून त्याच दिवशी भरायचा, ट्रे भरल्याशिवाय घरी जायचं नाही, असा नियम स्वतःला घातला. वेगळं कपाट केलं. जमिनीवर लाल पट्टा ओढला आणि सगळ्यांना सांगितलं, याच्या आत कुणी नाही. फक्त कुलूप लावलं नाही. तौवूच्या तोंडावर कुलूप लावणं म्हणजे त्याला चोर म्हणणं, आणि एवढं धाडस तिच्यात तेव्हा नव्हतं.

पहिली काही ऑपरेशनं झाली. एक शाळामास्तर, एक पाद्री, एक उसाच्या गाडीवरून पडलेला म्हातारा. तिघंही आपापल्या पायांनी गेले. मग बुबू तोरिका आली.

बुबू म्हणजे आजी, आणि तोरिका ही अख्ख्या नाकोरोवाईची आजी होती. बाजाराच्या दारात बसून खेकडे विकायची, आणि जो घासाघीस करेल त्याच्या आजोबापर्यंतची कुंडली बाहेर काढायची. चिखलात पाय घसरला आणि खुबा गेला. दुखत असूनही तिनं स्ट्रेचर उचलणाऱ्यांना खेकडे कसे धरावेत यावरून दोन शब्द सुनावले. ऑपरेशन सकाळी करायचं ठरलं.

सकाळी उनाइसीनं मशीनमध्ये घालण्यासाठी ट्रे काढला. सगळ्या जागा भरलेल्या होत्या. सवयीप्रमाणे एक एक हत्यार हातात घेऊन ती बघत गेली. स्क्रूड्रायव्हर एका स्क्रूच्या डोक्यात घालून फिरवला. तो नुसताच गरगरला. पुन्हा दाबून फिरवला, पुन्हा तेच. तिनं टोक उजेडात धरलं. सहाच्या सहा कडा झिजून गोल झाल्या होत्या.

ती तशीच उभी असताना खिडकीत साकिउसाचं डोकं आलं. चेहरा फुललेला.

"तौवू, माझा सत्कार कर! काल तुझ्या कपाटातलं एक नेलं आणि चक्क परत आणून ठेवलं. धुऊन! जागेवर! आमच्या गावात असं आजवर कुणी केलेलं नाही, माझे पूर्वज थडग्यात कुशीवर वळले असतील."

"काय नेलंस?"

"तोच, तुझ्या हातातला. खिडकीजवळच्या पलंगाचा पाय डुगडुगत होता, वरचा म्हातारा रात्री खाली आला असता. पायाच्या स्क्रूची खोबण जरा मोठी होती, पण जोर लावला आणि बसवला. काय पकड आहे गं! परदेशी माल तो परदेशी माल."

एरवी इथं काहीतरी टोला यायचा. बाहेर औषधाच्या रांगेतले लोक तोंडावर हात धरून तो ऐकायला थांबलेसुद्धा. उनाइसी खोलीबाहेर आली, स्क्रूड्रायव्हर हातात तसाच धरून.

"साकिउसा," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. त्याचं हसू तोंडावरच अडकलं.

"बुबू तोरिका तिकडे उपाशी पडलीय ऑपरेशनसाठी. हाडात स्क्रू बसवायचा हा एकच स्क्रूड्रायव्हर आहे या बेटावर, आणि तू त्यानं पलंग दुरुस्त केलास! आता तिला बोटीवर घालायची. तिची बहीण तशीच गेली होती, आठवतं? तूच उतरवून घेतलीस ना धक्क्यावर? मग या खेपेलाही तूच जा उतरवायला! मला हसायला सांगू नकोस. मी हसणार नाही. मला राग आलाय. ऐकताय ना सगळे? मला माझ्या तौवूचा राग आलाय!"

आवाज फाटला होता तिचा. रांगेतल्या एका बाईनं पोराला जवळ ओढून घेतलं. साकिउसानं मान खाली घातली, मागे वळला आणि आपल्या वॉर्डाकडे चालू लागला. एवढा मोठा माणूस, पण भिंतीच्या कडेकडेनं गेला.

उनाइसीचा राग खरा होता, आणि राग ओसरल्यावर आत जे उरलं ते भयंकर होतं. पण रडायला वेळ नव्हता. ती तडक डॉक्टर प्रवीणांकडे गेली आणि टोक त्यांच्यासमोर धरलं. डॉक्टरांनी ते बोटानं चाचपलं आणि डोळे मिटून घेतले.

"बोट दुपारी सुटते," त्या म्हणाल्या. "मी सुवाला फोन करते."

"थांबा. हे बघा, कडा दांड्यावर अशा वरपर्यंत गेल्यात. झिजलंय ते फक्त शेंडीएवढं. तेवढं छाटून टाकलं तर खालचं कोरं आहे."

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. "छाटणार कोण? आणि तापवून छाटलं तर पोलाद मऊ पडेल."

"गिरणीतल्या फिटरला पाणी सोडत छाटायला सांगीन. तुम्ही फोन करा, बोटीवर जागा धरून ठेवा. मी आले नाही तर पाठवा तिला. पण मी येईन."

डॉक्टरांनी फोन उचलला. "ये," त्या म्हणाल्या. "आल्यावर मी तपासणार, आणि मला पटलं नाही तर नाही. मग माझ्यावर ओरडायचं नाही."

"आजच्या पुरतं ओरडून झालंय माझं."

इस्पितळाची गाडी विलिकेसा चालवायचा. तोही डोंगरावरचा, उनाइसीच्याच गावचा, नात्यानं चुलता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती हे त्यानं गिअर ज्या तऱ्हेनं टाकला त्यावरूनच कळलं.

"मी तुझ्या बापाचा हात धरून मोठा झालो," रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला. "बरं झालं तो नाहीये आता."

"काका, गाडी जरा जोरात."

"तौवूवर! चारचौघात! नाव घेऊन! आपल्या गावात कुणी कधी केलं नाही हे. किनाऱ्याच्या लोकांनी एकदा आपली अख्खी रताळ्याची वाडी खणून नेली, तेव्हाही आजोबांनी टोपल्या उचलायला मदत केली होती."

"रताळी पुन्हा उगवतात, काका."

"तू डोंगराला बुडवलंस आज."

"बुडवलं तर बुडवलं. हसतील त्यांचे दात दिसतील."

"अगं, हसत नाहीये ना कुणी!" विलिकेसानं स्टिअरिंगवर हात आपटला. "तेच तर वाईट. सगळं इस्पितळ गप्प बसलंय."

तिनं कापडात गुंडाळलेला स्क्रूड्रायव्हर मांडीवर घट्ट धरला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

खोबऱ्याच्या गिरणीत गयाप्रसाद फिटर यंत्राखाली पाठीवर आडवा झाला होता. तिनं बोलावल्यावर तो तेलकट तोंडानं बाहेर आला, टोक पाहिलं, नाक मुरडलं.

"होतंय की. खाऊन आलो की करून देतो. कुठल्या इंजिनाचं हे?"

"माणसाचं आहे. बुबू तोरिकाच्या खुब्याचं."

"खेकडेवाल्या बुबूचं?" गयाप्रसाद ताठ झाला. "मला हरामखोर म्हणते ती दर शनिवारी. थांब बहिणी, आधी हात धुऊन येतो."

त्यानं दगडी चाकावर पाण्याची धार सोडली आणि श्वास रोखून टोक छाटलं. उनाइसीनं स्क्रूची अख्खी डबी बरोबर आणली होती. फणसाच्या फळीत एकेक स्क्रू रोवून तिनं तो फिरवून पाहिला. पहिल्या खेपेला एक कड किंचित फसली. गयाप्रसादनं तिचा खरखरीतपणा घासून काढला. दुसऱ्या खेपेला स्क्रू फळीत असे गेले की काढताना तिचं मनगट दुखलं. तरी तिनं सगळे लावले आणि सगळे काढले. विलिकेसा दारात उभा राहून बघत होता. मध्येच तो पुढे झाला आणि फळी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

डॉक्टर प्रवीणांनी परत तीच तपासणी स्वतःच्या हातानं केली, तिच्यापेक्षा जास्त जोर लावून.

"आत घसरला तर?"

"घसरणार नाही. पण घसरला तर पकडीचा चिमटाही ट्रेमध्ये ठेवलाय, डोकं धरून फिरवता येईल."

"चालू कर मशीन," डॉक्टर म्हणाल्या.

बुबू तोरिकाला आत घेतलं तेव्हा धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजत होता. ती म्हणाली, "गेली वाटतं ती मेली," आणि भूल देणाऱ्याला नाक धरायची परवानगी दिली. उनाइसी दाराच्या काचेशी उभी राहिली. स्क्रू एकामागून एक आत बसले. शेवटच्या वेळी डॉक्टर प्रवीणांनी मनगट वळवून ताण दिला आणि मान न उचलता काचेकडे अंगठा दाखवला. उनाइसी आपल्या खोलीत गेली, दार लावलं, आणि मग रडली.

पण तौवूचं देणं उरलंच होतं. चुकलेल्यानं कुटून पाण्यात कालवून प्यायच्या यंगोनाची मुळं घेऊन जायचं, समोर बसायचं, मान खाली घालायची आणि माफी मागायची. समोरच्यानं मुळांना हात लावला की विषय मिटला. दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर पुरुषांच्या वॉर्डाच्या व्हरांड्यात चटया अंथरल्या गेल्या. साकिउसा किनाऱ्याची चार माणसं घेऊन बसला. कालपासून त्याच्या वॉर्डातून हसण्याचा आवाज आला नव्हता, आणि पेशंट म्हणत होते की झोप लागत नाही.

विलिकेसानं मुळांची जुडी पुढे ठेवली, रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या आणि बोलायला लागला. डोंगराची मुलगी चुकली, जीभ सैल सुटली, देव एक आहे, होडी एक आहे, पोटात घाला. फार चांगला बोलला. उनाइसी त्याच्या मागे कपाळ चटईला लागेल इतकी वाकून बसली होती. साकिउसानं हात पुढे करून जुडीला स्पर्श केला.

"मिटलं," तो हळू आवाजात म्हणाला. "राग नाही. होडी एकच आहे."

इथं संपायला हवं होतं. माफी मागणाऱ्या बाईनं यापुढे बोलायचं नसतं. विलिकेसा उठायलाही लागला होता.

"मला बोलायचंय," उनाइसी म्हणाली.

"बस गप," विलिकेसा पुटपुटला.

"नाही काका. एकदाच." तिनं मान वर केली. "मी रागाची माफी मागितली, ती मनापासून मागितली. तुझं नाव घेतलं, तुला लोकांसमोर मान खाली घालायला लावली, त्याची मला लाज वाटते. कालपासून घास उतरला नाही माझ्या घशाखाली. पण कपाटाची माफी मी मागत नाहीये. त्या कपाटातलं आता कुणी काही नेणार नाही."

ती साकिउसाकडे वळली.

"तौवूनं तौवूचं घ्यावं. माझ्या घरी ये, कोंबड्या धर, डालो उपट, चूल उचलून ने, मी तुला पोतं देईन भरायला. पण त्या लाल पट्ट्याच्या आत जे आहे, ते माझं नाहीच रे. ते बुबूचं आहे. उद्या जो पडेल त्याचं आहे. तुझ्या आईचं असेल. तौवूचं उचललं तर थट्टा, तिसऱ्याचं उचललं तर त्याला काय म्हणतात ते किनाऱ्यावरही माहीत असेल. आपण दोघं इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वस्तूंवर हसत होतो. मीही तेवढीच हसले. आता मी कुलूप लावणार आहे, आणि तुला वाईट वाटलं तर मी पुन्हा यंगोना घेऊन येईन, परत परत येईन, पण कुलूप काढणार नाही."

विलिकेसानं डोळे मिटून घेतले. साकिउसानं वाकून पायाचा अंगठा खाजवला.

"तौवू," तो शेवटी म्हणाला, "तुझी जीभ कापायला हवी. पण कात्री तुझ्याच कपाटात आहे."

आधी किनाऱ्याचा स्वयंपाकी हसला, मग विलिकेसाच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, आणि मग साकिउसाचं ते हसणं आलं, समोरच्या इमारतीपर्यंत जाणारं. वॉर्डातून कुणीतरी ओरडलं, "झालं एकदाचं!" यंगोना कुटली गेली. पहिली वाटी साकिउसानं उनाइसीकडे सरकवली.

कुलूप लागलं. बाळंतपणाच्या खोलीनं तोंड फुगवलं, एक मामेबहीण महिनाभर बोलली नाही. एकदा वरून आलेल्या एका साहेबांनी वाकडं नख कापायला चांगली कात्री मागितली, तेव्हा उनाइसीनं त्यांना बाजारात नेलकटर कुठं मिळतं ते सांगितलं. हळूहळू दुसरे ट्रेही भरले. कंदांच्या जागी हत्यारं आली.

आणि एका सकाळी साकिउसा खिडकीशी आला. आत डोकं घातलं नाही. पट्ट्याबाहेर सरळ उभा राहिला.

"तौवू, तो स्क्रूड्रायव्हर जरा देतेस का? दारापाशीच्या पलंगाचा पाय हलतोय."

रांगेतले लोक चमकले. तौवू कधी मागत नाही. मागणं म्हणजे स्वतःला परका म्हणवून घेणं. त्यानं ते सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात केलं होतं. उनाइसीला त्याचं मोल कळलं.

"नाही," ती म्हणाली.

"अगदी दोन मिनिटं?"

"नाही. गयाप्रसादकडे जा, आणि जाताना हात धुऊन जा."

"दगड आहे नुसता डोंगरावरचा," साकिउसा रांगेला म्हणाला आणि आनंदानं निघून गेला.

त्या दिवशी काम संपल्यावर उनाइसीनं ट्रे भरला, कुलूप लावलं, आणि दाराशी आली तर चपला नाहीत. नव्या, निळ्या, आपोरोसानं आदल्या आठवड्यात आणलेल्या. त्यांच्या जागी हिरव्या कापडात गुंडाळलेला एक कंद. तिनं कपाळावर हात मारला आणि अनवाणी, मनातल्या मनात टोला जुळवत पुरुषांच्या वॉर्डाकडे निघाली.

वळणावरच थांबली. बायकांच्या वॉर्डाच्या लांब व्हरांड्यात सरावाला आलेली बुबू तोरिका चालायची चौकट धरून येत होती. तिच्यामागे, दोन्ही हात पसरून, साकिउसा वाकून चालत होता. फरशी गुळगुळीत होती, म्हणून बुबूच्या पायात चपला होत्या. निळ्या, तिला जरा मोठ्याच.

"काय बघतेस?" बुबू ओरडली. "याच्या बहिणीच्या आहेत म्हणतो हा. पाय केवढे बाईचे! म्हशीला बसतील."

साकिउसानं मान वर करून उनाइसीकडे पाहिलं आणि भुवई उडवली.

"चाल बुबू," उनाइसी म्हणाली, "टाच टेकव. बसतात की छान."

ती बाजूला झाली आणि दोघांना वाट दिली. मग अनवाणीच घरी गेली.